दोन बरण्यांतले भेक

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दोन बरण्या आहेत. दोन्हींत दक्षिण अमेरिकेतले भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे थोराड बेडूक. रंग मातकट, डोळ्यांमागे विषाच्या फुगीर ग्रंथी. पण एका जातीच्या मागच्या पायांवरही तशा ग्रंथी असतात, दुसरीच्या नसतात. मी ते एका नजरेत ओळखतो.

आज माझ्या जुळ्या मुलींपैकी एक डबा घेऊन आली, तेव्हा मी तिलाही कौतुकाने हा फरक दाखवला.

"कळलं का, सानिका?"

"बाबा, मी सायली. चष्मा दुरुस्तीला दिलाय." ती हसली. "आणि उद्या तिलाही चष्मा लागला तर काय कराल?"

माझा हात बरणीवरच राहिला. यांची आई नुसत्या खोकल्यावरून कोण ते सांगते. मी इतकी वर्षं फक्त चष्मा पाहत आलो. बरणीतल्या मेलेल्या जिवाला एक खूण पुरते. माझ्या मुलींच्या बाबतीतही मी तेवढ्यावरच भागवलं.

सायली निघाली. मी दारापर्यंत तिच्याकडे पाहत राहिलो. ती डावा खांदा किंचित उचलून चालते. सानिकाही तशीच चालते का, ते मला आठवेना.