भाऊजींना शंका नाही

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता कोलशेतच्या मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत हजर: फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, खजिनदार, बिल्डरकडून आलेला लॅपटॉपवाला तरुण, झाडून सगळे सभासद, चिटणीस म्हणून मी, आणि माझे मावसदीर. गैरहजर: कोणी नाही. यादी इथेच थांबवते, कारण मला सांगायचंय ते यादीतल्या शेवटच्या माणसाबद्दल. आजवर ठाणे जिल्ह्यात जेवढे संशय घेतले गेले असतील, त्यातले निम्मे एकट्या आमच्या भाऊजींनी घेतले आहेत. उरलेले निम्मे लोकांनी भाऊजींवर घेतले आहेत, कारण सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मनात काय असेल, अशी धास्ती प्रत्येकाला वाटते.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे मावसभाऊ. नौपाड्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. कोलशेतच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल पुढे जाऊ द्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्याचा त्यांना पगार मिळे. पुढे कारखाना बंद पडला. भाऊजींचं काम मात्र बंद पडलं नाही. आता ते उरलेलं जग तपासतात. डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगितलं की तुमचं ब्लड प्रेशर अगदी उत्तम आहे. भाऊजी त्याच संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. "अगदी उत्तम असं कोणी उगाच म्हणत नाही," हे त्यांचं कारण. माझी जाऊ सांगते की लग्न ठरवताना हे तिला पाहायला रीतसर एकदा आले आणि न सांगता दोनदा. दुसऱ्या वेळी ती गिरणीतून दळण घेऊन येत होती आणि हे कोपऱ्यावर उभे राहून तिची चाल पाहत होते. "पास केलं म्हणून तर आणलं," असं भाऊजी यावर म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही हे जाऊबाईंना ठाऊक आहे.

माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांच्याकडे जेवणाची व्यवस्था होती. केटरर ताटांवर पैसे लावतो, म्हणजे तो धुतलेली ताटं पुन्हा मांडून दुप्पट हिशेब लावणार, असं भाऊजींनी आधीच ठरवून टाकलं. म्हणून पहाटे उठून त्यांनी प्रत्येक ताटाच्या बुडाला कुंकवाचं बोट लावलं; ताट धुतलं की खूण जाणार आणि चोरी पकडली जाणार. केटरर प्रामाणिक निघाला. मात्र ताट मांडीवर घेऊन जेवलेल्या वरपक्षाच्या निम्म्या बायकांच्या पैठण्यांवर लाल डाग पडले. नणंदेच्या सासूबाई अजून हळदीकुंकवाला आल्या की आमच्या घरच्या ताटाखाली हात फिरवून बघतात.

फुटबॉलचा नाद त्यांना कारखान्यातच लागला. आमचा क्लब लहान आहे. अध्यक्षांच्या आजोबांनी मिठागराकडेची आपली जमीन गावातल्या पोरांना खेळायला दिली, तिचंच पुढे मैदान झालं. तिथे भाऊजी गेली कित्येक वर्षं दर रविवारी हजर असतात. सामन्याआधी ते अंगठ्याने चेंडू दाबून पाहतात. नाणेफेकीचं नाणं दोन्ही बाजूंनी पाहतात. दोन्ही हातांत एकेक घड्याळ बांधतात, कारण एका घड्याळावर विसंबून पंचांशी भांडता येत नाही. डोंबिवलीचा सतरा वर्षांखालचा संघ आला होता, तेव्हा त्यांच्या गोलरक्षकाला त्यांनी अदबीने विचारलं, "तुमचे चिरंजीव कितवीला आहेत?" तो खरोखरच दहावीतला मुलगा होता. बिचाऱ्याला नुसती मिशी लवकर आली होती. त्या धक्क्यात त्याने पहिल्या पाच मिनिटांत गोल खाल्ला, आणि तेव्हापासून डोंबिवलीकर म्हणतात की ठाण्याच्या संघात एक खेळाडू मैदानाबाहेर बसून खेळतो.

पण त्यांच्या संशयाचा क्लबला सर्वांत मोठा फायदा झाला तो फक्कीच्या प्रकरणात. मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड, ती फक्की, फार खपते आहे आणि तिला पाय फुटत आहेत, असं भाऊजींना वाटू लागलं. माळी आणि अध्यक्ष दोघेही संशयित. अध्यक्षांच्या वाडीतली नारळाची झाडं बुंध्याशी फारच पांढरी दिसतात, असं ते मला कुजबुजत सांगत. शेवटी त्यांनी शिंप्याकडची टेप आणून अख्ख्या मैदानाच्या रेघा मोजल्या. फक्की चोरीला जात नव्हती. दोन्ही गोलांसमोरच्या पेनल्टीच्या चौकटी मात्र नियमापेक्षा चांगल्या दोन पावलं मोठ्या आखल्या जात होत्या. आजवर आम्ही कितीतरी पेनल्ट्या निव्वळ आमच्या माळ्याच्या ढांगेमुळे खाल्ल्या होत्या. चोर सापडला नाही याचं भाऊजींना वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून क्लबात त्यांचा शब्द चालू लागला. एखादी गोष्ट भाऊजींच्या हाताखालून गेली की ती तपासली गेली, असं सगळे धरून चालू लागले. इतर कोणी काही तपासायचं सोडूनच दिलं.

आता स्टेडियमचं. आमच्याकडे बसायला पत्र्याची एकच गॅलरी आहे, आणि तिच्यात जागा मिळत नाही अशी दर रविवारी ओरड. मोठी गॅलरी हवी हे सगळ्यांना मान्य, पण क्लबच्या खात्यात खडखडाट. तेवढ्यात एका बिल्डरचा निरोप आला: खाडीकाठचं हे मैदान आम्हाला द्या, घोडबंदर रोडला आमच्या टॉवरांच्या मागे मोठं स्टेडियम बांधून देतो. मग काय विचारता. तरुण पोरं म्हणत, घेऊन टाका. जुनी मंडळी म्हणत, यात खजिनदाराचं काहीतरी शिजतंय. अध्यक्षांनी नवी गाडी घेतली त्यावर आठवडाभर चर्चा झाली. ती जुनीच गाडी नव्याने रंगवलेली निघाली, तर रंगाचे पैसे कुठून आले यावर आणखी आठवडा गेला. चहाच्या टपरीवर दोन माणसं हळू बोलताना दिसली की तिसरा जाऊन त्यांच्यात उभा राहायचा. सारा क्लब भाऊजींसारखा वागू लागला होता, फक्त त्यांच्याइतकी मेहनत कोणी घेत नव्हतं.

भाऊजींनी मेहनत घेतली. आमच्या गॅलरीत जागा धरायची पद्धत आहे. जो आधी येतो तो आपल्या शेजारी भावासाठी, मेव्हण्यासाठी, मित्रासाठी रुमाल टाकून ठेवतो, आणि रुमाल असलेल्या जागी कोणी बसत नाही. एका रविवारी मध्यंतर झाल्यावर भाऊजी पिशवी घेऊन गॅलरीभर फिरले आणि ज्या रुमालांवर अजून कोणीही येऊन बसलं नव्हतं ते सगळे उचलून आणले. पुढच्या सभेत खजिनदार भरलेल्या गॅलरीचा फोटो दाखवत असतानाच त्यांनी ती पिशवी टेबलावर पालथी केली. रुमाल, नॅपकिन, दोन ओढण्या आणि एक उशीचा अभ्रा. "हे आपले वाढते प्रेक्षक," ते म्हणाले. "यांना बसायला मोठं स्टेडियम बांधायचंय." हसून हसून सभा मोडली आणि ठराव पुढे ढकलला गेला.

तो ढीग अर्थातच माझ्याकडे आला. मी सगळं धुतलं, घड्या घातल्या, आणि पुढच्या रविवारी ज्याचं त्याला परत केलं. अभ्रासुद्धा त्याच्या मालकाला पोचला. एक निळ्या चौकड्यांचा नॅपकिन तेवढा उरला. तो कोणाचा हे मला विचारायची गरज नव्हती, कारण मागच्या संक्रांतीला मीच त्या चौकड्यांचे नॅपकिन वाण म्हणून दिले होते, आणि ते घेतलेल्या बायकांपैकी क्लबात नवरा येतो तो फक्त माझ्या जावेचा.

"तुमचाही उचललात?" मी भाऊजींना विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा."

"कोणासाठी टाकला होता?"

"चिरंजीवांसाठी," भाऊजी म्हणाले. "येतो म्हणाला होता."

पुतण्या घोडबंदर रोडला राहतो. चांगली नोकरी, चांगली सून, चौदाव्या मजल्यावर घर. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तो याच मैदानावर सामने बघायचा. आता दर शनिवारी फोनवर 'येतो' म्हणतो आणि रविवारी ट्रॅफिक असतो. जाऊबाईंनी मागे मला सांगितलं होतं की हे रोज सकाळी पेपरमध्ये घोडबंदरचा पूल, घोडबंदरचे खड्डे, घोडबंदरची मेट्रो एवढंच वाचतात. मला तेव्हा वाटलं होतं, कंत्राटदारावर संशय असेल.

तर गेल्या रविवारची ती सभा. खजिनदार भाऊजींच्या भीतीने कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. मी इतिवृत्तात त्यांच्या प्रश्नांसाठी एक अख्खं पान मोकळं ठेवलं होतं. अध्यक्ष आधी उठले. "आज्याने दिलेली जमीन हाय ही," ते म्हणाले, "माझा जीव तुटतो. पन पोरांना मोठी गॅलरी पायजे आसंल तर मी आडवा येनार नाय." मग लॅपटॉपवाल्या तरुणाने भिंतीवर चित्रं दाखवली. हिरवंगार गवत, वळणदार गॅलरी, दिवे. आधीच्या सभेत हीच चित्रं पाहून भाऊजींनी विचारलं होतं की यात बसलेली माणसं कुठली, आपल्यातलं तर एकही दिसत नाही. या वेळी ते पुढे वाकून नुसती बघत होते. चित्रं संपली. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"गेट कुठल्या बाजूला?" एवढंच त्यांनी विचारलं.

तरुणाने नकाशा मोठा केला. भाऊजींनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले, आणि गेटसमोरच्या टॉवरचं नाव वाचलं. मीही वाचलं. पुतण्याच्या घरभरणीला मी त्याच टॉवरमध्ये गेले होते. भाऊजी जागेवर परतले आणि कोणी मत विचारायच्या आत त्यांनी हात वर केला.

त्यानंतर जे झालं ते आमच्याच क्लबात होऊ शकतं. भाऊजींना शंका नाही म्हणजे शंका घेण्यासारखं काही नाही, असं सगळ्यांनी एकदम धरलं. आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या पाळतीवर असलेली जुनी मंडळी हात वर करून मोकळी झाली. खजिनदारांनी कागदांचा गठ्ठा उघडलाच नाही. ठराव एकमताने मंजूर. माझं ते पान कोरंच राहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भाऊजींचा संशय आला.

मी त्यांना बाहेर गाठलं. विजेचं बिल कोण भरणार हे विचारायचं राहिलं, असं म्हटलं.

"भरेल कोणीतरी."

नवी जागा क्लबच्या नावावर होणार की बिल्डरच्याच राहणार, तेही विचारलं नाहीत, असं म्हटलं.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही फार संशय घेता."

आम्ही रिक्षाच्या दिशेने चालू लागलो. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "त्याला रस्तासुद्धा ओलांडायला नको. खिडकीतून बघेल, सुरू झालं की उतरेल."

मी म्हटलं, भाऊजी, त्याच्या घरापासून हे मैदान तरी कितीसं लांब आहे? रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो.

त्यांनी हातांतली घड्याळं पाहिली, आधी एक, मग दुसरं. "लांबच पडतं त्याला," म्हणाले. मग रिक्षात बसले. मीटर टाकलाय की नाही हे त्यांनी पाहिलं नाही. ते मलाच पाहावं लागलं.

ठरावाची प्रत तयार आहे. अध्यक्षांची सही झाली, खजिनदारांची झाली. चिटणिसाची झाली की ती बिल्डरकडे जाईल आणि मग मैदान परत मिळायचं नाही. सही करण्याआधी मला पुतण्याला एक फोन करायचा आहे. विचारायचं फार नाही: दारासमोर गॅलरी आली तर बाबांशेजारी येऊन बसशील का? गुणी मुलगा आहे. "नक्की येईन, काकू," असंच म्हणेल. ते 'नक्की' कितपत पक्कं आहे, हे मला एकटीला कळायचं नाही, आणि ज्यांना हमखास कळलं असतं त्यांना विचारायची सोय नाही. आज बुधवार. बाकीची सगळी कामं उरकली आहेत. तो फोन राहिला आहे.