कल्लप्पांच्या पोटात न विरघळलेलं औषध

पाण्यात न विरघळणारी औषधं विरघळवायची, हेच दाक्षायणीचं काम. सोलापूरबाहेरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती सध्या बुरशीवरच्या औषधामागे लागली होती. पाण्यावर टाकलं की ते धुळीसारखं नुसतं तरंगायचं.

आणि त्याच औषधावर तिच्या सासऱ्यांचा जीव टांगला होता. कल्लप्पांच्या फुफ्फुसात बुरशी वाढली होती. दुधनीतलं तुरीचं दुकान बंद ठेवून ते सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत मुलाकडे आले होते. महिना उलटला, कॅप्सूल चालू होत्या, तरी थुंकीतलं रक्त थांबेना.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "औषध रक्तात जवळजवळ उतरलेलंच नाही. आजोबा, कॅप्सूल चुकवता का?"

"एक बी चुकवली न्हाय की!"

"असंच राहिलं तर भरती करून इंजेक्शनं द्यावी लागतील. यांची किडनी ती सोसेल याची मी खात्री देत नाही."

घरी पाऊल ठेवताच सोमलिंगचा, दाक्षायणीच्या नवऱ्याचा, तोल गेला. "अप्पा, खरं सांगा. बेसिनमध्ये टाकता न्हवं?"

म्हाताऱ्याने शपथ घ्यावी तसा गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नाही.

सकाळी दाक्षायणी चहा द्यायला गेली तर सासरे उशीखालून गोळी काढून तोंडात टाकत होते.

"मामा, ही कसली?"

"ॲसिडिटीची गं. लई वर्सं घेतो."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्ये काय औषध हाय व्हय?"

दाक्षायणीच्या लक्षात आलं. कॅप्सूलमधलं औषध विरघळतं ते पोटातल्या आम्लातच, आणि ही गोळी नेमकं तेच मारत होती.

प्रयोगशाळेत तिने दोन भांडी लावली. एकात पोटासारखं आम्ल, दुसऱ्यात बिनआम्लाचं पाणी. दोन्ही अंगाइतकी कोमट. कॅप्सूल सोडल्या. पहिल्यातलं पाणी हळूहळू निवळलं. दुसऱ्यात भुकटी तशीच गरगरत राहिली.

तिची स्वतःची नवी भुकटी बाजूलाच होती. पाण्यात मिसळणाऱ्या पदार्थाबरोबर वितळवून बनवलेली, आम्लाविना विरघळणारी. चिमूटभर पुडीत बांधून न्यावी, असं मनात आलंच. पण ती अजून कुठल्याच माणसाच्या पोटात गेली नव्हती. बरणीचं झाकण घट्ट लावून तिने डॉक्टरांना फोन लावला आणि गोळीचं सांगितलं.

"ती गोळी आजच बंद," डॉक्टर म्हणाले. " कॅप्सूल भरपेट जेवणावर द्या, सोबत कोला पाजा, त्यातलं आम्ल कामी येईल. रक्त पुन्हा तपासू."

गोळी सुटली तशी कल्लप्पांच्या छातीत आग पेटली. खाटेची कड धरून ते कण्हायचे. "यव्वा, ह्ये कोला आग विझवतंय का लावतंय?"

दाक्षायणी तरीही ग्लास पुढे करायची. आपला अंदाज चुकला असेल तर? हातातले दिवस निघून चालले होते. सोमलिंग बापाशी बोलत नव्हता. पण एका दुपारी ग्लास त्यानेच भरून आणला आणि संपेपर्यंत खाटेशी बसून राहिला.

रिपोर्ट तिच्या फोनवर आला. औषध रक्तात उतरलं होतं, हवं तेवढं.

सोमलिंग बापाच्या पायाशी बसला. "चुकलं माझं, अप्पा."

"चुकलं तर चुकलं," कल्लप्पा म्हणाले. "ताट वाढ. भरल्या पोटीच घ्यायचंय न्हवं?"

थुंकीतलं रक्त थांबायला पुढे कितीतरी आठवडे गेले. जिना चढताना त्यांना अजूनही मध्येच टेकावं लागतं.