मॅडमच्या पर्समधली हातोडी

आमच्या मॅडमच्या पर्समध्ये हात घातला, तर पेनाआधी हातोडी हाताला लागायची. छोटीशी, लाकडी दांड्याची, आणि सोबत एक जाड खिळा. सौंसरच्या कॉलेजात त्या आम्हाला एमबीएला मार्केटिंग शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी कीटकनाशकाचा रिकामा डबा टेबलावर उपडा ठेवला, ठोकून त्याच्या बुडाला भोक पाडलं आणि म्हणाल्या, "माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचला की धंदा संपला, असं पुस्तकात असंल. आपल्याकडे तो तिथूनच सुरू होते."

तो डबा आम्हा सगळ्यांच्याच ओळखीचा होता. संत्र्याच्या बागेत, कपाशीत फवारणी झाली की असले डबे कोणी फेकत नाही. मजबूत असतात, झाकण घट्ट बसतं. राखेनं घासायचे, खळबळून घ्यायचे आणि शेतात प्यायचं पाणी न्यायला वापरायचे. बोरगावला माझ्या आजोळीही असा एक निळा डबा खुंटीला टांगलेला असे. त्यात काही वावगं आहे, हे कोणाच्या मनातही येत नसे.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. दुकानदारानं रिकामा डबा परत घ्यावा, गिऱ्हाइकासमोर त्याला भोक पाडावं आणि बदल्यात पाण्याची नवी कॅन द्यावी. दुकानं राजी करायचं काम त्यांनी आम्हाला प्रोजेक्ट म्हणून लावलं. डायरेक्टर वैतागले. हे आरोग्य खात्याचं काम आहे, आपल्या पोरांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. मॅडमनी आवाज चढवला नाही. "सर, हा आजार दुकानातून घरी येते. अन् दुकान चालवायला तर आपणच शिकवून राहिलो न."

लोधीखेड्याला माझ्या बाबांचं खतं-औषधांचं दुकान. मॅडम हातोडी घेऊन तिथे आल्या, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी चहा पाजला आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल म्हणत गोड बोलून वाटेला लावलं. पुढच्या आठवड्यात मॅडम पुन्हा हजर. पुन्हा चहा, पुन्हा तेच बोलणं. शेवटी चहा पाजून पाजून बाबाच थकले आणि काउंटरमागे रिकाम्या डब्यांसाठी एक पोतं ठेवलं गेलं.

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी विचारलंच, "मॅडम, एवढा हट्ट काऊन?"

खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. पांढुर्ण्याजवळ त्यांची बाग होती. त्या शाळेत शिकत होत्या, धाकटा भाऊ बागेत राखणीला जायचा. उन्हात पाणी लागतं म्हणून फवारणीतून नुकताच रिकामा झालेला औषधाचा एक डबा त्यांनी पाण्यानं भरून दिला. संध्याकाळी भावाला दवाखान्यात नेलं, पण तो घरी आला नाही.

"घरचे समजतात, वाऱ्यानं फवारा लागला," त्या म्हणाल्या. "डबा मी घासला होता. वास जाईपर्यंत घासला होता. मायले अजून सांगितलं नाही."

त्यानंतर आमच्यापैकी कोणी हातोडीवरून त्यांची चेष्टा केली, तर मी उठून जायची.

पुढे प्रवेश कमी झाले आणि कॉलेजनं एमबीए बंद केलं. मॅडम पांढुर्ण्याला आईजवळ राहायला गेल्या. राजी झालेल्या बाकीच्या दुकानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. बाबांच्या जागी आता मी बसते, आणि आमचं पोतं अजून आहे. फोन केला की मॅडम आधी विचारायच्या, डबे येऊन राहिले का? नाही म्हटलं, तर म्हणायच्या, येतील. शेवटचे काही महिने त्यांना बोलतानाही धाप लागायची, तरी हे विचारणं सुटलं नाही.

या हिवाळ्यात त्या गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा घरात त्यांची म्हातारी आई एकटीच बसली होती. विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरून बसवलं आणि भिंतीच्या आधारानं आत जाऊन पाणी आणलं. पितळी गडवा लखलखत होता.

"दवाखान्यात जायच्या आधी तिनंच घासून ठेवला बाई," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तशीच. माझ्या पोरीनं घासलेलं भांडं डोळे मिटून तोंडाले लावावं."

त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी गडवा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायले.