एकशे आठ नंबरची बारा नाणी

साळवी काकांनी डबा उघडला आणि मी चष्मा काढून पुसला. आत बारा सोनेरी नाणी. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक अक्षरांत लिहिलेलं: मं/१, मं/२, थेट मं/१२ पर्यंत.

करोल बागेत माझं छोटं ऑफिस आहे. मी नाण्यांची किंमत ठरवते. लोकांनी भोकं पाडलेली, चिंचेने घासलेली नाणी मी पाहिली आहेत. सरकारी पंख्यासारखा नंबर घातलेलं नाणं पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कोणी केलं, काका?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले.

जन्मभर ते एका केंद्रीय खात्याच्या स्टोअर्समध्ये होते. तिथे खुर्ची येवो की बादली, आधी रजिस्टरात नोंद, मग अंगावर नंबर. निवृत्त होऊन गाझियाबादला स्थायिक झाले तरी हाताची सवय गेली नव्हती.

एका कंपनीने त्यांना फोनवरून 'लिमिटेड एडिशन' नाणं विकलं होतं. म्हणजे ठरावीकच नाणी पाडायची आणि प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा. काकांनी मराठी मंडळात त्याचं असं वर्णन केलं की आणखी अकरा घरांनी मागवलं. मग कुलकर्णी वहिनी आपलं नाणं विकायला सराफाकडे गेल्या आणि सराफ हसला. आता रविवारी मंडळाची सभा होती. काकांनी सगळ्यांची नाणी गोळा करून माझ्याकडे आणली होती.

"ताई, सगळ्यांनी माझ्या शब्दावर घेतलीत. खोटी निघाली तर मी तिथे तोंड कसं दाखवू?"

मी मं/१ वरचा नंबर थिनरच्या बोळ्याने जोर लावून घासला. नंबर गेला. त्याच्याबरोबर सोनंही गेलं. खाली साधं पितळ. काकांनी सोबत आणलेल्या जाहिरातीत '२४ कॅरेट गोल्ड' हे हेडलाइनच्या अक्षरांत होतं आणि 'प्लेटेड', म्हणजे नुसता मुलामा, हे मुंगीच्या.

"पण मुळात नंबर घातले कशाला?"

"नाण्यांबरोबर आलेल्या सगळ्या सर्टिफिकेटांवर एकच नंबर आहे ना, एकशे आठ. म्हटलं, त्यांच्या क्लार्कची चूक असेल. कुणाचं कुठलं ते कळायला नको?"

मी खुर्चीतून जवळजवळ उठून नाचले. बारा घरं, बारा 'एकमेव' नाणी आणि नंबर मात्र एकच! आणि हा भला माणूस कंपनीची चूक स्वतःच्या ब्रशने दुरुस्त करत बसला होता.

कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दक्षिण दिल्लीतल्या एखाद्या कंटाळलेल्या श्रीमंत बाईचा आवाज मला फार छान जमतो.

"भैया, मुझे एक सौ आठ नंबरवाला ही चाहिए. शुभ होता है."

"बिल्कुल मॅडम, आपके लिए रखा है. पूरे इंडिया में एक ही पीस है."

"अच्छा? मेरी तीन बहुएँ हैं. झगड़ा हो जाएगा."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"चार भेज दूँ, मॅडम?"

काकांनी खिशातून पेन काढलं आणि तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं. पुढचं मला काही करावंच लागलं नाही. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, सोबत बारा सर्टिफिकेटांच्या प्रती आणि जाहिरातीचं कात्रण. शेवटी एकच ओळ: आठवड्यात पैसे न मिळाल्यास हेच कागद ग्राहक आयोगाकडे जातील. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं.

रविवारच्या सभेत काकांनी उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःचा मूर्खपणा पहिल्या कलमात. वहिनी म्हणाल्या, निदान तुम्ही लपवलं तरी नाहीत. चहा नेहमीसारखाच झाला. पाचव्या दिवशी कंपनीचा माणूस नाणी न्यायला आला आणि बाराही घरांचे पैसे परत आले. नाणी देताना काकांनी त्याच्याकडून बारा वेगवेगळ्या पावत्यांवर सह्या घेतल्या.

मला विचाराल तर धडा साधा आहे. नाणं दुर्मीळ आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे चार मागा.