अर्जावरचे सहा विषय

कॉलेजच्या अर्जात तळाला एक मोकळी ओळ होती: ‘जादा विषय घ्यावयाचे असल्यास येथे लिहावेत.’ त्या ओळीने माझी पहिली सहामाही खाल्ली. ओळ छापणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. पण भरली ती मीच, हेही आधीच सांगून टाकतो.

अर्ज टपालाने आमच्या गावी, रिठदला आला तेव्हा मी नुकताच वाशीमहून मॅट्रिक होऊन घरी परतलो होतो. सायन्सच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी, पदार्थविज्ञान आणि रसायन हे तीन विषय सगळ्यांनाच होते. चौथा गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंतला एक. संपलं. चार विषय आणि वर प्रयोगशाळा, साधारण डोक्याच्या पोराला पुरून उरेल एवढं ते होतं. पण हे मला सांगणार कोण? आमच्या आळीत कॉलेजचं दार पाहिलेला एक माणूस नव्हता. वाशीमच्या शाळेत माझ्या बाकावर एका वकिलाचा मुलगा बसायचा. त्याला त्याच्या थोरल्या भावाने जेवता जेवता सांगून टाकलं, कुठला विषय जड, कुठले प्रोफेसर तिरसट, प्रयोगाची वही कशी लिहायची. त्याचा अर्ज हात धुवायच्या आत ठरला. मी आठ दिवस विचार केला आणि चुकलो.

माझ्या बाला अक्षर येत नव्हतं. मी त्याला अर्ज वाचून दाखवला आणि त्याने तो पेरणीसारखा ऐकला. आमच्याकडे वावरात एकच पीक कोणी पेरत नाही. कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची एक, मधे मूग, धुऱ्याला म्हणजे बांधावर अंबाडी. पाऊस कोणत्या पिकाला दगा देईल याचा नेम नाही, म्हणून सगळ्यांना थोडी थोडी जागा. बा म्हणाला, “दोनातलं एक काहून? दोन्ही टाक ना. एक बुडालं त दुसरं हाती राह्यते.”

मला ते पटलं. वावरापुरतं ते खरंच आहे. परीक्षेत मात्र एक पीक बुडालं की उभी पिकंही कापून नेतात, एका विषयात नापास तो सगळ्यांत नापास, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. मोकळ्या ओळीत मी पाचवा विषय लिहिला, जीवशास्त्र.

जीवशास्त्राला आणखी एक कारण होतं. शेजारी कल्हईवाले चाचा राहायचे. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणात गेली. वाशीमच्या दवाखान्याला बैलगाडी निघाली होती, ती अर्ध्या वाटेतून परत आली. मी तेव्हा इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत होतो. माती देऊन आल्यावर चाचांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू शीक, डाक्टर हो. लोक रडले. मी त्या दिवसापासून स्वतःला डॉक्टरीला दिलेला समजत होतो.

आणि सहावा विषय संस्कृत. तो कोणी मागितला नव्हता. शाळेत त्याच चौथीत संस्कृतच्या वर्गासाठी मी नाव दिलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, जागा नाही. वर्गात सात मुलं होती आणि बाकं बारा, मी मोजली होती. मग ते हळू आवाजात समजुतीचं बोलले, की नांगरावरच्या घरात याचं काय काम, उगाच ओझं होईल. त्यानंतर मी वाशीमच्या तरुण मंडळात पत्रकं लिहायला लागलो. विहिरीवर, देवळावर, सावकारावर, जे दिसेल त्यावर. पत्रकाची एक सवय लागते, एकही गाऱ्हाणं सोडायचं नाही. अर्जही मी तसाच लिहिला. संस्कृत असं लिहून खाली रेघ मारली.

ज्या गावी कॉलेज होतं तिथं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. वसतिगृहातली मुलं वाईट नव्हती, पण ती संध्याकाळी मैदानावर जात, खानावळीत गप्पा मारत, आणि मला वेळच नव्हता. सकाळी गणित, मग पदार्थविज्ञान, दुपारी बेडूक कापायचे किंवा परीक्षानळ्या धुवायच्या. जीवशास्त्राचा प्रयोग संपायच्या आधी संस्कृतचा तास लागायचा. मी हात नीट न धुता धावायचो. शेजारचा मुलगा बाक सरकवून घ्यायचा. त्याला बेडकांवरच्या औषधाचा वास सोसत नव्हता की मी, ते विचारायला मी थांबलो नाही. चार वर्षं शाळेत संस्कृत शिकून आलेल्या मुलांमध्ये मी पहिल्या पानावर होतो. त्यांच्या घरी ती भाषा सकाळी पूजेत ऐकू यायची. माझ्या घरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी सकाळ व्हायची. म्हणे सगळ्यांना विषय सारखेच. विषय सारखे असतात, ते उचलणाऱ्या पाठी नसतात. एकाला घरातून चार हात लागतात आणि दुसरा एकटा उचलतो, मग तराजू कसला दाखवता?

तरी खरं लिहायचं तर मला सगळ्यात जड गेलं ते पुस्तक नव्हे. दिवसभरात माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मी कोणाला विचारायचो नाही, कारण विचारलं की मास्तरांचं खरं ठरेल. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी माझाच आवाज फक्त हजेरीला ऐकला.

सहामाहीच्या परीक्षेत मी तीन विषयांत नापास झालो. जीवशास्त्र, संस्कृत आणि रसायन, जे मला शाळेत तोंडपाठ होतं. प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, दिवाळीनंतर कॉलेज उघडेल तेव्हा चार विषयांचा नवा अर्ज पालकाच्या सहीने आण, नाहीतर नाव काढून टाकावं लागेल. कुठले चार, ते तू ठरव.

वाशीम स्टेशनवरून रिठदपर्यंतच्या गाडीत मी तो कोरा अर्ज घडी घालून धरला होता. कुठले सोडायचे हे मला माहीत होतं. कोणाला सांगायचं, तो प्रश्न होता.

घरी सीतादहीची तयारी चालली होती. पहिला कापूस वेचायच्या आधी आमच्याकडे वावरात दहीभात शिंपडतात, पूजा करतात, मगच वेचणी सुरू होते. शेजारीपाजारी येतात. चाचाही दर साली येत, प्रसादाचा भात घेत, धुऱ्यावर बसून बासोबत विडी ओढत. त्या दिवशी बाया वेचणीला लागल्यावर मी चाचांजवळ जाऊन बसलो. सगळं भाषण पाठ करून ठेवलं होतं. मी म्हणालो की मी डॉक्टर होणार नाही, माझ्याच्याने बेडूक धड कापला जात नाही, मला ते येत नाही, गणित येतं.

चाचांनी विडी विझवली. “मग नको होऊ. मी कवा म्हणलो?”

मी त्यांना तो दिवस सांगितला. डोक्यावरचा हात, लोक, सगळं.

“बेटा, त्या दिवशी मी काय काय बोललो मले माहीत नाही,” ते म्हणाले. “मी त्या बैलाले बी शिव्या देल्या असतील. तू ते घेऊन फिरून राह्यला इतके साल?”

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की ते आणि मी एक गोष्ट मिळून वाहतोय. ते त्यांच्या वाटेने आपलं दुःख घेऊन केव्हाच पुढे गेले होते आणि मी दुसऱ्याच कुठल्या वाटेवर एकटा. चाचांनी माझ्या पाठीवर थाप दिली आणि घरी न्यायला प्रसादाचा भात बांधून घ्यायला उठले.

बाला मी दुपारी अर्ज दाखवला. चार विषय वाचले. इंग्रजी, पदार्थविज्ञान, रसायन, गणित.

“दोन उपटले?” बा म्हणाला.

हो म्हणालो.

“आणि ते बामनाचं?”

संस्कृतचं आणि मास्तरांचं ते प्रकरण बाला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी सांगितलं की तेही सोडलं, आणि मास्तर म्हणाले होते तेच झालं. बाने अंगठा धोतराला पुसला, मग शाईत बुडवून सहीच्या जागी कागदावर दाबला.

“त्यानं तुले चौथीत बसू देलं असतं त आज बसला असता तू,” तो म्हणाला. “त्यानं म्हणलं ते खरं काहून झालं, ते पाह्य.”

कॉलेज उघडलं तेव्हा नवा अर्ज घेतला गेला आणि माझं नाव राहिलं. वर्षाअखेर चारही विषयांत पास झालो, रसायनातसुद्धा. माझ्यामागून वावरातून कॉलेजला जाणाऱ्या पोरांनी चारच घ्यावेत, हे मी हल्ली प्रत्येकाला तोंडावर सांगतो. घरात आधी कोणी गेलं नसेल तर पाचवा विषय अर्जात छापलेला नसतोच, तो एकट्याने राहणं हा असतो, आणि त्याला वेळ लागतो.

दिवाळीनंतरच्या त्या सहामाहीत दुपारचा शेवटचा तास मला मोकळा मिळाला. पहिले काही दिवस काय करावं सुचेना, म्हणून मी संस्कृतच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात गणिताची वही घेऊन बसायचो. आतून एका सुरात श्लोक म्हणणं ऐकू यायचं. माझी सही नसलेली, नाव नसलेली जागा. मी उठून गेलो नाही. उदाहरणं सोडवत बसलो, आणि तास संपून मुलं बाहेर पडली तेव्हा पाय बाजूला घेऊन त्यांना वाट दिली.