मशीनं निघाली त्या दिवशीची सहल

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. धुळ्याकडून सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आता तोंडात दात नाहीत. गोडादऱ्यात घर बांधलं ते चार मशीनच्या जोरावर. खाली खातं, म्हणजे मशीनची खोली, आणि वर आम्ही राहतो. पोरगा म्हणायचा, "आबा, असल्या मशीनला आता भंगारवालाही नाक मुरडतो." मुरडू दे. माझं कापड निघत होतं.

ऐकायला मला कमी येतं. खात्यात जन्म काढला त्याला कमीच येणार. पण लूमवाला ओठ वाचतो. तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही, म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. ओडिया असो, युपीवाला असो, आमचा खानदेशी असो, तो काय म्हणतो ते मला लांबून कळतं. बायकोलाही हे येतं. ती माझ्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. पोराला येत नाही. त्याला मी खात्यात पाय ठेवू दिला नाही, शाळेत घातला. म्हणून घरात बाकी सगळे समजतात की म्हातारा ठार बहिरा आहे. मी समजू दिलं.

पावसाळा सरत आला होता. कारागीर गावी गेलेला, मशीनं बंद. पोराने नवी गाडी घेतलेली. तो म्हणाला, एक दिवस डोंगर बघून येऊ, धरमपूरच्या पुढे विल्सन हिल, तिथून समुद्र दिसतो. मी नाही म्हणालो. तर बायकोच हटून बसली. जन्मात तिने कधी कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. म्हटलं, चला.

सकाळी निघालो. पोरगा चालवायला, त्याच्या बाजूला सून, मागे मी, बायको आणि मधे नात. नात गुजराती शाळेत जाते, घरातही तेच बोलते. तिने माझ्याकडे बोट करून मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "दादाने कंई संभळातुं नथी, गमे ते बोल." आजोबांना काही ऐकू येत नाही, काहीही बोल, असं. सून हसली. मी खिडकीबाहेर उसाची शेतं बघत बसलो.

चिखलीला चहाला थांबलो. बायका आत गेल्या. माझे गुडघे धरले होते म्हणून मी गाडीतच बसलो, काचा बंद. पोरगा बॉनेटपाशी उभा राहून फोनवर बोलत होता. तोंड माझ्याकडेच होतं. बहिऱ्यापासून कोण तोंड लपवतं?

"चारों आज ही निकालो," तो म्हणाला. "नहीं खुलता तो काट दो. शाम तक कमरा खाली चाहिए. अरे टेन्शन मत लो, बुढ्ढा मेरे साथ है."

मग थोडं ऐकून हसला. "एक निकल गया? बढ़िया."

एक गेलं होतं. तीन अजून उभी होती. चिखलीहून गोडादरा काही लांब नाही. त्या क्षणी गाडी फिरवली असती तर तिन्ही वाचली असती. पण पोरासमोर हात जोडायचे? माझ्याच मशीनसाठी, माझ्याच पोराला विनवायचं? ते माझ्याने होणार नव्हतं. तो आत येऊन बसला आणि माझ्या कानात ओरडला, "आबा, मजा येते ना?"

"येते," मी म्हणालो.

मी बायकोचा विचार केला. तिची छाती कधीची बिघडलेली. खात्यातला कापूस वर येतो, असं डॉक्टरने सांगितलेलं. तिने चार वेळा मशीनं बंद करा म्हणून बघितलं, मी केली नाहीत. तिने नुसतं छातीत दुखतंय म्हटलं असतं तरी पोराने गाडी तिथल्या तिथे वळवली असती. आईसाठी तो काहीही करतो. पण गाडीत तिच्याशी बोलता येईना. मधे नात, तिचा फोन माझ्या तोंडासमोर.

धरमपूरच्या पुढे घाट लागला. रस्ता सारखा वळत वर चढतो. दोन्ही बाजूंना सागाचं रान, मोठमोठी ओली पानं. कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या दोऱ्या सुटलेल्या. खाली भाताची खाचरं एकावर एक रचल्यासारखी, आणि त्यांच्या कडेने वारल्यांची कौलारू घरं. धुकं काचेला येऊन चिकटायचं आणि निघून जायचं. सून सारखी "थांबवा, थांबवा" म्हणायची आणि फोटो काढायची. ती प्रत्येक वळणावर उतरली. प्रत्येक वळणावर मी मनात म्हणत होतो, दुसरं गेलं असेल. तिसऱ्याला गॅस कटर लागला असेल. मी बसवलेल्या बोल्टला गंज धरला होता, ते खुलणार नव्हते हे मला माहीत होतं.

वरती वारा जोराचा. दगडी छत्रीपाशी लोक जमले होते, कोणी भाजलेला मका खात होतं, कोणी नागलीचे पापड. धुकं हटलं तसा लांब समुद्र दिसला, पत्र्याच्या पट्टीसारखा. "दादा, दरियो!" नात माझी बाही ओढून ओरडली. मी मान हलवली. ती आईबापाकडे पळाली आणि कठड्याशी मी आणि बायको उरलो.

मी आवाज न काढता बोललो. "पोरगा मशीनं काढतोय. एक गेलं. छातीत दुखतंय म्हण, गाडी फिरवायला लाव."

ती समुद्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि तिचे ओठ हलले.

"माले माहीत शे."

"कोणी सांगितलं तुला?"

"मीच सांगितलं त्याला. म्हटलं, आबाला लांब ने. घरी असते तर आडवे पडले असते मशीनपुढे."

ती पुढे बोलू लागली, रात्री बसून काढाव्या लागतात, श्वास...

तिथे मी डोळे मिटले.

ज्याने खात्यात काम केलं नाही त्याला यातलं कळणार नाही. तिथे माणसाने बोलायला ओठ हलवले आणि समोरच्याने डोळे मिटले, तर त्याचं तोंडच दाबल्यासारखं होतं. शिवी परवडते. तिने माझा दंड हलवला. मी उघडले नाहीत. मग पोराला मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझ्या आईला वारा सोसत नाही. तिला गाडीत बसव. डोंगर बघायला आली, खोकत बसली."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. सुनेने तिला नेलं.

येताना मी मागे मान टाकून डोळे मिटले ते मिटलेच. बायको नातीला खिडकीशी सरकवून माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. माझ्या कानापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने बोलली असती तर सुनेने आणि नातीने ऐकलं असतं, आणि नवरा-बायकोचं असं चारचौघांत बोलणारी ती नव्हे. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग काढला. तिचा खोकला मला सीटमधून लागत होता. पोराने कुठेतरी थांबून पाण्याची बाटली घेतली. ते सगळे डोंगर, रान, नदीवरचे पूल बाजूने गेले, मी काही बघितलं नाही. जागा होतो.

घरी पोचलो तेव्हा खात्याचं शटर अर्धं वर होतं. आत चार जागी तेलाचे काळे डाग आणि कापलेले बोल्ट. काय बोलायचं ते पोराने वाटेत जुळवून ठेवलं असावं. तो माझ्यासमोर उभा राहिला, "आबा, रागावू नका, आईच्या..."

"गाडी चांगली चालवतोस," मी म्हणालो.

बायको दारात होती. भिंतींवर, छताला, कोपऱ्यात वर्षानुवर्षांचा कापूस लोंबत होता. मी कोपऱ्यातला झाडू तिच्यापुढे टाकला. "तुला हवी होती ना खोली? झाडून घे."

"आबा, काय बोलता?" सून पुढे आली. "मी झाडते."

"तिला झाडू दे."

बायकोने पदर नाकाला बांधला आणि झाडायला घेतलं. मी बाहेर खुर्ची टाकून तिच्याकडे पाठ करून बसलो. मधेच झाडू थांबायचा, मग पुन्हा फिरायचा. सुनेने शेवटी तो तिच्या हातातून ओढून घेतला, हे मला मागाहून नातीने सांगितलं.

आता तिथे साड्यांना स्टोन लावायचं काम चालतं, सून बघते. ती म्हणते, आईंना आता रात्री झोप लागते. लागत असेल. मी विचारलेलं नाही. बायको अजून कधी माझ्यासमोर येऊन बसते, आणि तिचे ओठ हलायला लागले की मी भिंतीकडे बघतो.