पाणी किती वाजता येतं

गेल्या जूनमध्ये माझ्या नणंदेच्या बाथरूममध्ये एक गुलाबी टूथब्रश होता. तो माझ्या मुलीचा. तिनं त्यानं एकदाही दात घासले नव्हते, पण ताई रोज सकाळी तो नळाखाली ओला करून ठेवायच्या. शाळेच्या मॅडम घर बघायला कधी येतील याचा नेम नव्हता.

लेक नाशिकच्या त्या शाळेची प्रवेश परीक्षा पास झाली तेव्हा आम्ही आधी पेढे वाटले आणि मग नियम वाचले. आमचं सगळं असंच उलटं. आठवी ते दहावीची शाळा, मोजक्या जागा, आणि मुलगी शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी हवी. लांबून येणारी मुलं वर्गात पेंगतात, असं शाळेचं म्हणणं. आमचं शेत दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला. झेंडू आणि शेवंती. तिथून शाळा पस्तीस किलोमीटर. पंचवटीतल्या ताईंचं घर मात्र शाळेपासून हाकेवर. फॉर्मवर आम्ही त्यांचा पत्ता घातला. घर बघून होईपर्यंत प्रवेश तात्पुरता होता, आणि मागे यादीतल्या पुढच्या मुली ताटकळत उभ्या होत्या.

"मग राहू दे ना तिला ताईकडं खरीखुरी," नवरा म्हणाला. "त्यात काय एवढं? लय सोपं हाय."

त्याला सोपं वाटणारच. तो कधी कुणाच्या घरी राहिला नाही. मी मामाकडं राहून शाळा केली. मामी वाईट नव्हती, तिनं मला एकही काम कधी सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी आपण होऊन भांडी घासायला घेतली, आणि मग तीन वर्षं ती भांडी माझीच झाली. भाजी कितीही आवडली तरी पुन्हा मागितली नाही. हे नवऱ्याला सांगून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून मी नुसतं "नाही" म्हणाले. लेक रोज घरून जाईल, रोज घरी येईल. मग पत्ता खोटा तर खोटा.

साडेचारला उठायचं, सव्वापाचला फाट्यावर. वणीहून येणारी पहिली गाडी चुकली की शाळेची घंटा चुकली. पहिले काही दिवस मी तिच्यासोबत जात होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गाडी देवीच्या गडावरून परतणाऱ्या लोकांनी खच्चून भरलेली आली आणि थांबलीच नाही. आम्ही दोघी रस्त्यातच उभ्या. शेवटी एका ओळखीच्या फुलांच्या टेम्पोत, क्रेटच्या मधे बसून शहर गाठलं. शाळेच्या फाटकाशी तिच्या युनिफॉर्मवरच्या झेंडूच्या पाकळ्या मी झटकत होते आणि ती माझा हात बाजूला करत होती. "आई, कुणी बघेल ना," म्हणाली. मला तिचा राग आला. त्याहून जास्त माझा आला.

शाळा सुटली की आम्ही ताईंच्या घरी जाऊन बसायचो, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. जिन्यात पाऊल वाजलं की तिघी गप्प. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. लेकीनं सगळं पाठ केलं होतं: किराणावाला कोण, कचऱ्याची गाडी कधी येते, तिचं कपाट कुठलं, वरच्या मजल्यावर कुत्रा आहे ते. मी तिची उजळणी घ्यायचे. माझी उजळणी कुणी घेतली नाही.

मॅडम आल्या त्या एका गुरुवारी. पन्नाशीच्या, साधी साडी, हातात फाईल. मी नवऱ्यासकट इथंच राहते, तो कामानिमित्त गावी जाऊन-येऊन असतो, असं सांगायचं ठरलं होतं. मॅडमनी कपाट पाहिलं, ब्रश पाहिला, लेकीला दोन-चार प्रश्न विचारले. तिनं घडाघडा उत्तरं दिली. चहा झाला. त्या उठता उठता माझ्याकडं वळून अगदी सहज म्हणाल्या, "पाणी किती वाजता येतं इथं?"

"लाईट आली की," मी म्हणाले.

पंधरा वर्षं माझ्याकडं पाणी असंच येतं. लाईट आली, मोटर चालू केली, हौद भरला. शहरात पाणी महापालिका सोडते आणि त्याला ठरलेली वेळ असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं.

ताईंनी सावरलं. "बिल्डिंगच्या टाकीची मोटर म्हणतेय ती."

"असं का," मॅडम म्हणाल्या. मग मला विचारलं, "या आठवड्यात लाईट कधीची आहे?"

"रात्रीची," मी म्हणाले.

शेतीला लाईट एक आठवडा दिवसा मिळते, एक आठवडा रात्री. शहरातल्या बाईला हा प्रश्नच पडत नाही, मग उत्तर कुठून देणार? खोट्याच्या कपाळी गोटा. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मारलं असतं तर बरं, असं ते पाहणं होतं.

मॅडम पुन्हा खाली बसल्या. "माझं माहेर पिंपळगावकडचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंही या आठवड्यात रात्रीचीच आहे." त्यांनी फाईल मिटली. "मी खोटं लिहिणार नाही. पण आज काही लिहीतही नाही. सोमवारी परत येते. मुलगी इथं राहत असेल तर राहते असं लिहीन."

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "राहीन मी."

तिनं मला विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीत मी एकटी होते, आणि तिची सकाळची पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत राहून गेली होती. शनिवारी नवऱ्यानं तिचे कपडे, अंथरूण आणि ती बाटली नेऊन दिली. सोमवारी मॅडम आल्या, बघून गेल्या, प्रवेश पक्का झाला. ताईंनी फोनवर सांगितलं, "ब्रश आता मला ओला करावा लागत नाही." त्या हसल्या. मीही हसले.

दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली. झेंडूची तोडणी जोरात होती, मी उजाडताच शेतात जायला निघाले, तर दारातल्या हौदापाशी बादल्यांची रांग. सगळ्या बादल्या, कळशी, अगदी कुकरचं भांडंसुद्धा तिनं काठोकाठ भरून ठेवलं होतं. हौद तसाच तुडुंब.

"हे कशाला गं?"

"पाणी जाईल ना साडेसातला," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. "सवय झालीये. तिथं पाणी मीच भरते."

"आत्यानं सांगितलं भरायला?"

"छे. आत्या काही सांगत नाही. मीच."

ती आणखी एक बादली भरत होती. मी तिच्या हातातून ती घेतली आणि पाणी परत हौदात ओतलं.